शेक्सपिअरचा गुन्हा काय?

‘शेक्सपिअर इन लव्ह’चा विषय कुठेही काढून बघा. पहिलं वाक्य येतं, "हो, बरा होता की." दुसरं, "ती ग्वेनेथ पॅल्ट्रो काय गोड दिसलीये!" आणि तिसऱ्या वाक्याला ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हजर होतो. बंदूक घेऊनच. मग पुढची वीस मिनिटं नॉर्मंडीचा किनारा, स्पीलबर्गवर झालेला अन्याय, हार्वी वाइनस्टीनचे उद्योग, आणि शेवटी निकाल जाहीर: "ऑस्कर ढापलेला सिनेमा आहे तो." शेक्सपिअर, नाटक, प्रेम यांतल्या एकाबद्दलही अवाक्षर निघत नाही.

पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी हे ऐकतेय. आमच्या घराण्यात ही बाजू एक मावसभाऊ लढवतो (नाव लिहीत नाही, पण दादा, तू हे वाचतोयस हे मला पक्कं माहीत आहे). २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये टॉम स्टॉपर्ड गेले. मोठा नाटककार. लहानपणी काही वर्षं दार्जिलिंगला राहिलेला, जन्माने झेक, आणि इंग्रजी असं लिहायचा की इंग्रजांनी तोंडात बोटं घालावीत. या सिनेमाची पटकथा त्यांनी आणि मार्क नॉर्मन यांनी मिळून लिहिली. ते गेल्यावर तरी दोन चांगले शब्द ऐकायला मिळतील असं वाटलं होतं. पण आमच्या गप्पांत तिसऱ्या वाक्याला रायन आलाच. तेव्हा म्हटलं, आता एकदाचं लिहूनच टाकावं.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १५९३, गाव लंडन. तरुण विल शेक्सपिअरला काही सुचत नाहीये. ‘रोझ’ नाट्यगृहाचा मालक हेन्स्लो कर्जात बुडालाय आणि सावकाराची माणसं त्याचे पाय निखाऱ्यावर धरून वसुली करतायत. नाटक आहे समुद्री चाच्याच्या मुलीचं, तेही अजून लिहायचंय. व्हायोला नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीला नाटकाचं वेड, पण बायकांना रंगमंचावर बंदी, म्हणून ती पुरुषवेष घेऊन ‘टॉमस केंट’ या नावाने कंपनीत शिरते. विल तिच्या प्रेमात पडतो, आणि चाच्याच्या मुलीचं नाटक होता होता ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ होतं. तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं, ते काही मोडत नाही. बास, एवढंच.

आता त्या ऑस्करचं आधी उरकून घेऊ, नाहीतर दादा पुढचं वाचणारच नाही.

२१ मार्च १९९९ ची रात्र. ‘शेक्सपिअर इन लव्ह’ला १३ नामांकनं होती, ७ पुरस्कार मिळाले. ‘रायन’ला ११ नामांकनं, ५ पुरस्कार. दिग्दर्शनाचा पुरस्कार स्पीलबर्गलाच मिळाला, छायाचित्रण आणि संकलन हेही रायनलाच. मग हॅरिसन फोर्डने शेवटचं पाकीट उघडलं आणि त्यातून शेक्सपिअर निघाला. झालं! त्या क्षणापासून हा सिनेमा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. २०१५ मध्ये तर ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने अकादमीच्या सदस्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा कौल रायनच्या बाजूने गेला, आणि ही बातमी मला फोन करून सांगण्यात आली. (कुणी केला असेल फोन, ओळखा.)

पण त्या रात्रीच्या आधी काय होतं? डिसेंबर १९९८ मध्ये सिनेमा आला तेव्हा रॉजर इबर्टने त्याला चारपैकी चार तारे दिले होते. समीक्षक एकंदरीत खूश होते. बर्लिनच्या महोत्सवात पटकथेला रौप्य अस्वल मिळालं, गोल्डन ग्लोब मिळाले, आणि त्या रात्रीनंतरही इंग्रजांनी, ज्यांचा शेक्सपिअर आहे त्यांनी, बाफ्टाचा उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार दिला. या सगळ्यांना वाइनस्टीनने चहापाण्याला नेलं होतं असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मला एवढंच दिसतं की रविवारी संध्याकाळपर्यंत जो सिनेमा हुशार, खेळकर, लिहिण्याची कमाल असलेला होता, तो सोमवारी सकाळी उथळ झाला. एका रात्रीत फिल्मच्या रिळांना काय झालं असेल? काही नाही. बक्षीस लागलं.

आपल्याकडे कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत हे दरवर्षी बघायला मिळतं. अंतिम फेरीत दुसऱ्या कॉलेजची एकांकिका आपण पोट धरधरून हसत बघतो, टाळ्या वाजवतो, आणि निकालात ती पहिली आली की बाहेर चहाच्या टपरीवर तिची चिरफाड सुरू होते. "तसं त्यात काही नव्हतंच रे." मीही त्या टपरीवर उभी राहिले आहे. पण तो राग सहसा पुढच्या वर्षीच्या तालमीपर्यंत टिकतो. पाव शतक टिकवायचा म्हणजे जरा जास्तच झालं!

राहता राहिला वाइनस्टीन. मिरामॅक्स कंपनीने त्या वर्षी मतांसाठी जी मोहीम चालवली ती बेसुमार होती हे खरंच आहे. जाहिरातींवर पैसा ओतला, मतदारांच्या मागे माणसं लावली, आणि ऑस्करची मोहीम ही निवडणुकीसारखी लढवायची असते हा पायंडा पाडला. पुढे त्या माणसाचं खरं रूप बाहेर आलं आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. तेव्हापासून ‘शेक्सपिअर इन लव्ह’चं नाव घेतलं की लोक नाकाला रुमाल लावतात.

मला हे सगळ्यात जास्त खटकतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्या बायका पुढे येऊन बोलल्या त्यांच्यात स्वतः ग्वेनेथ पॅल्ट्रो होती. बावीस वर्षांची असताना, या सिनेमाच्या काही वर्षं आधी, त्याने आपल्याशी काय केलं ते तिने जाहीर सांगितलं. म्हणजे त्या माणसाचा राग म्हणून आपण कुणाचं काम पुसून टाकायला निघालोय? तर तिचंच! निर्माता म्हणून तो मंचावर चढला आणि पुतळी घेऊन मिरवला, हे खरं. पण निर्माते पाच होते, आणि सिनेमा लिहिला नॉर्मन-स्टॉपर्डनी, दिग्दर्शित केला जॉन मॅडनने, कपडे केले सँडी पॉवेलने. शिंप्याने शिवलेला अंगरखा सावकाराने मिरवला म्हणून शिंप्याला शिव्या घालायच्या नसतात.

(एक गंमत सांगते. ज्या स्टॉपर्डनी स्पीलबर्गचं बक्षीस पळवलं म्हणून लोक दात खातात, त्याच स्टॉपर्डनी १९८७ मध्ये स्पीलबर्गसाठी ‘एम्पायर ऑफ द सन’ची पटकथा लिहिली होती. चाहत्यांनीच तलवारी परजायच्या, दुसरं काय.)

पॅल्ट्रोच्या अभिनयाच्या पुरस्काराबद्दल मात्र मी भांडणार नाही. त्या वर्षी समोर केट ब्लँचेट होती, आपल्या शेखर कपूरच्या ‘एलिझाबेथ’मधली, आणि ब्राझीलची फर्नांडा मॉन्टेनेग्रो ‘सेंट्रल स्टेशन’साठी होती. मला मत असतं तर मी मॉन्टेनेग्रोला दिलं असतं. पण लोकांना आठवतो तो पॅल्ट्रोचा गुलाबी झगा आणि मंचावरचं रडणं. टॉमस केंट होऊन ओठावर इवलीशी मिशी लावून आवाज खाली नेणारी, आणि तालमीत ओळ सापडल्यावर डोळे लकाकणारी मुलगी कुणाला आठवत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. हे सगळं ऑस्कर-बिस्कर वरवरचं आहे. आतला आक्षेप वेगळाच आहे, आणि दादाने एकदा तो प्रामाणिकपणे बोलून दाखवला होता: "अगं, इकडे माणसं मरतायत, आणि तिकडे हे लपंडाव खेळतायत. दोन्हींची बरोबरी होईल का?"

होईल. का नाही होणार?

‘रायन’ मलाही आवडतो. सुरुवातीची ती किनाऱ्यावरची पंचवीसेक मिनिटं बघताना मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पण त्यानंतर पुढे जवळजवळ सव्वादोन तास सिनेमा चालतो हे किती जणांना आठवतं? त्यात ठरलेल्या साच्याची तुकडी आहे, एक भित्रा, एक धार्मिक नेमबाज, एक तोंडाळ. शेवटी स्मशानात म्हातारा रडतो आणि आपणही कुठे रडायचं ते आपल्याला नीट समजावून सांगितलं जातं. चांगलाच सिनेमा आहे. पण विषय मोठा म्हणून सिनेमा मोठा, हा हिशोब मला मान्य नाही. तसं असतं तर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर लागणारे सगळेच सिनेमे महान ठरले असते.

विनोदी ते हलकं, रडवेलं ते खोल, ही आपल्या डोक्यात बसलेली जुनी अढी आहे. शेक्सपिअर मराठीत आला तेव्हाही बघा. आपण अभिमानाने आठवतो ते आगरकरांचं ‘विकारविलसित’, देवलांचा ‘झुंझारराव’, गणपतराव जोशींचा हॅम्लेट, आणि पुढे शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’. म्हणजे हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर. वा. बा. केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून केलेली ‘त्राटिका’ लोकांनी हसत हसत डोक्यावर घेतली, पण शेक्सपिअरची थोरवी सांगताना तिचं नाव शेवटी, जमलं तर. खुद्द त्या माणसाने मात्र असा भेदभाव केला नव्हता. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा पहिला अर्धा भाग वाचून बघा, निव्वळ विनोदी नाटक आहे. दाईची अखंड बडबड, मर्क्युशिओचे चावट विनोद, मारामाऱ्याही पोरकट. मर्क्युशिओ मरतो तेव्हा कुठे जमीन फाटते. हसता हसता पायाखालचं कधी सरकलं ते कळत नाही. स्टॉपर्ड-नॉर्मननी नेमकी हीच चाल उचलली आहे. पहिला तासभर धमाल, आणि मग मार्लो मेल्याची बातमी येते. विलला वाटतं, आपल्या एका थापेपायी तो मारला गेला. जोसेफ फाइन्सचा त्या वेळचा चेहरा बघा आणि मग सांगा मला लपंडाव.

आणि तो शेवट! राणी एलिझाबेथ, म्हणजे जुडी डेंच, जेमतेम आठ मिनिटांच्या भूमिकेत येते आणि सगळा गुंता सोडवते. आता हिंदी सिनेमा असता तर राणीने लग्नही मोडून दिलं असतं. इथे ती सांगते की देवासमोर बांधलेली गाठ राणीलाही सोडवता येत नाही. व्हायोला नको असलेल्या नवऱ्याबरोबर जहाजाने निघून जाते. विलकडे उरतं ते पुढचं नाटक. बायकोमुलं गावी असलेला, खिशात पैसे नसलेला नाटकवाला आणि एक श्रीमंत मुलगी, यांचं दुसरं काय होणार होतं? हलक्या सिनेमात असं होत नाही हो. तिथे बँडबाजा वाजतो.

पण मला हा सिनेमा जिवाभावाचा वाटतो तो प्रेमकथेमुळे नव्हे. सहा-सात वर्षं मी हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत स्टुलावर बसून, हातात वही, मांडीवर टॉर्च. त्या जागेवरून नाटक जसं दिसतं तसं मी पडद्यावर आजवर याच एका सिनेमात पाहिलं. त्यातला सावकार फेनीमन, म्हणजे टॉम विल्किन्सन, पैसे वसूल करायला येतो. तालमीत लेखकाकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारणा होते, तेव्हा उत्तर मिळतं की कुणी नाही, लेखक आहे. (मराठी नाटककारांनो, हसा नाहीतर रडा!) हळूहळू हाच सावकार तालमीला येऊन बसायला लागतो. मग दुसरं कुणी बोललं तर त्यालाच राग येतो. मग त्याला विष विकणाऱ्या औषधवाल्याची चार ओळींची भूमिका मिळते, आणि प्रयोगाच्या दिवशी हा लोकांचे पाय भाजणारा माणूस टोपी नीट बसते का बघत घाबराघुबरा फिरत असतो. असे फेनीमन मी पाहिलेत. वर्गणी मागायला गेलेल्या पोरांना दुकानातून हाकलणारा किराणावाला पुढच्या वर्षी हवालदाराच्या भूमिकेसाठी आठ दिवस मिशा वाढवतो. विल्किन्सन २०२३ मध्ये गेला, आणि त्याच्या कामांत लोक याचं नाव घेत नाहीत, कारण... रायन!

दाईचं काम करणारा नट राल्फ आठवतो का? गुत्त्यात त्याला कुणी विचारतं, काय नाटक आहे? तो सांगतो, एका दाईची गोष्ट आहे. हे ज्याला विनोदी वाटत नाही त्याने कधी नाटकात काम केलेलं नाही. प्रत्येक भालदाराला नाटक भालदाराचंच वाटत असतं, आणि तसं वाटतं म्हणूनच प्रयोग उभा राहतो.

बरं, हे सगळं हवेतून आलेलं नाही. हेन्स्लो खराच होता, आणि त्याची हिशोबाची वही आजही लंडनच्या डलिच कॉलेजात आहे. लेखकांना दिलेल्या उचली, कपड्यांचा खर्च, नाटकांचा गल्ला, सगळं त्यात आहे. टॉमस हेवुडला एका नाटकाचे मिळाले सहा पौंड, आणि त्याच नाटकाच्या नायिकेच्या काळ्या मखमली झग्याला पडले त्याहून जास्त! गंधर्व नाटक मंडळीचे शालू-पैठण्यांचे किस्से ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘रोझ’ नाट्यगृह १५८७ चं. त्याचा पाया १९८९ मध्ये लंडनमध्ये एका इमारतीचं खोदकाम चालू असताना सापडला, आणि तो वाचवायला नटमंडळी रस्त्यावर उतरली. नऊ वर्षांनी त्याच रोझमधला खोळंबा, उधारी आणि लगबग पडद्यावर आली.

मुलाने स्त्रीभूमिका करायची आणि ऐन प्रयोगाच्या दिवशी त्याचा आवाज फुटायचा, हा त्यातला प्रसंग परदेशी प्रेक्षकाला गंमत वाटत असेल. ज्यांच्या पणजीने बालगंधर्वांचं बघून पदर घ्यायची ढब बदलली त्यांना ती गंमत वाटू नये. कंपनीच्या मालकाला घाम फोडणारी गोष्ट होती ती. टिल्नी नावाचा दरबारी अधिकारी येऊन नाट्यगृहाला टाळं ठोकतो, तोही कल्पनेतला नाही. राणीच्या दरबारात करमणुकीवर देखरेख करणारं ते खरं पद होतं, नाटकाला परवाना त्याच्याकडून. महाराष्ट्रात संहिता पाठवून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र येण्याची वाट ज्यांनी पाहिलीय ते टिल्नीला लगेच ओळखतील. आणि प्लेगमुळे बंद पडलेली नाट्यगृहं! पहिल्यांदा बघताना मला ते निव्वळ ऐतिहासिक नेपथ्य वाटलं होतं. मार्च २०२० मध्ये आपल्या नाट्यगृहांना कुलपं लागली, आणि रंगमंच कामगारांसाठी शिधा गोळा करायची वेळ आली. त्यानंतर पुन्हा बघितला तेव्हा हेन्स्लोची धांदल बघून हसू आलं नाही. सगळं चुकत असताना तो पुन्हा पुन्हा सांगतो, होईल सगळं नीट. कसं ते त्यालाही माहीत नसतं. तिसऱ्या घंटेआधी विंगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं हेच म्हणणं असतं.

इतिहासवाल्यांची तक्रार वेगळी. १५९३ मध्ये व्हर्जिनियात तंबाखूचे मळे कुठून आले, तिथली इंग्रजांची वसाहत जेम्सटाउन १६०७ ची. बरोबर आहे. रोमिओची गोष्ट शेक्सपिअरला प्रेमातून सुचली नाही, आर्थर ब्रुकचं १५६२ चं दीर्घकाव्य समोर होतं. हेही बरोबर. पण ज्या सिनेमात शेक्सपिअरच्या टेबलावर ‘स्ट्रॅटफर्डची भेट’ असं लिहिलेला, जत्रेतून आणल्यासारखा मग ठेवलेला आहे, आणि जिथे नावाडी आजच्या टॅक्सीवाल्यासारखा आपल्या नावेत कोण कोण बसून गेलं ते ऐकवतो, त्याच्याकडे सनावळी मागायची म्हणजे तमाशातल्या मावशीकडे गोकुळाचा सातबारा मागण्यासारखं आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये रोममध्ये घड्याळाचे ठोके पडतात. त्यालाही नापास करू या का?

खरं तर या सिनेमावर टीका करायला जागा आहे. भरपूर आहे. पण रायनच्या गर्दीत तिथपर्यंत कुणी पोचत नाही याचंच मला दुःख आहे. कॉलिन फर्थचा वेसेक्स म्हणजे पुठ्ठ्याचा खलनायक. त्याला थोडं माणूस केलं असतं तर व्हायोलाचं जाणं आणखी लागलं असतं. विल तिला जे सुनीत पाठवतो ते अठरावं, आणि पहिली सव्वाशे सुनीतं एका तरुणाला उद्देशून आहेत असं अभ्यासक सहसा मानतात. ते सिनेमाने गुपचूप व्हायोलाच्या पदरात टाकलं. १९४१ मध्ये ‘नो बेड फॉर बेकन’ नावाची विनोदी कादंबरी आली होती, तिच्यातही शेक्सपिअर आहे आणि पुरुषवेष घेणारी लेडी व्हायोला आहे. त्यावर जरा उघड बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं. आणि सगळ्यात टोचणारं म्हणजे अ‍ॅन हॅथवे. १५८२ मध्ये लग्न झालेली, तीन मुलं सांभाळत स्ट्रॅटफर्डला बसलेली बायको. तिची बोळवण दोन वाक्यांत! इथे मात्र मी सिनेमावर रागावते, दर वेळी.

त्या अ‍ॅनला २०२५ मध्ये न्याय मिळाला, क्लोई झाओच्या ‘हॅम्नेट’ सिनेमात. मॅगी ओफॅरेलच्या कादंबरीवरून केलेला. मुलगा १५९६ मध्ये गेला, त्या दुःखातून ‘हॅम्लेट’ आलं, अशी कल्पना. जेसी बकलीचं काम बघून मी ढसाढसा रडले. पण जरा थांबून बघा. दोन्ही सिनेमे एकच उडी मारतात: आयुष्यात असं घडलं, म्हणून नाटक असं झालं. पुरावा दोघांकडेही सारखाच, म्हणजे जवळपास शून्य. हॅम्लेटची गोष्टसुद्धा जुनीच होती, शेक्सपिअरच्या आधीपासून चालत आलेली. तरी मुलाच्या मृत्यूतून नाटक जन्मलं म्हटलं की आमचा दादा गंभीर होऊन मान हलवतो, आणि प्रेमातून जन्मलं म्हटलं की "काहीतरीच!" म्हणतो. वेदनेतून कला येते यावर आपला केवढा विश्वास! दोन माणसं रात्रभर जागून एकमेकांना ओळी म्हणून दाखवतायत, सकाळी त्या तालमीत जातायत, तिथून सुधारून परत येतायत, या आनंदातूनही काही येत असेल हे मानायला मात्र पुरावा लागतो. त्या प्रसंगांत संकलन असं केलंय की शेज कुठे संपते आणि तालीम कुठे सुरू होते ते कळू नये. त्याबद्दल कुणीतरी लिहा ना. मी वाट बघतेय.

आणि तो तोतरा शिंपी वॉबश! हेन्स्लोची त्याच्याकडे उधारी असते, म्हणून त्याला नाटकात काम मिळालेलं. नांदीसारखं पहिलं निवेदन त्याचंच. पडद्यामागे हेन्स्लो आणि विल श्वास रोखून उभे, हा बाहेर जातो, पहिलं अक्षर फुटत नाही, फुटत नाही... आणि मग एकदम सगळं स्पष्ट, सरळ, घंटेसारखं. आत येऊन पुन्हा तोतरा. आमच्याकडे एक मुलगा होता, एरवी ‘क’ला अडायचा. स्पर्धेच्या प्रयोगात सूत्रधार झाला आणि वीस मिनिटांत एकदाही अडला नाही. मी वहीवर बोट ठेवून बसले होते, एक शब्द द्यावा लागला नाही. या गोष्टीचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, हेन्स्लोकडेही नव्हतं.

तर मंडळी, गणपतीत सगळे आमच्याकडे जमणार आहात. रात्री आरती-जेवणं उरकली की सिनेमा लावणार आहे. दोन तास तीन मिनिटांचा आहे, रायनपेक्षा पाऊण तास कमी, तेव्हा झोपेची सबब चालणार नाही. वॉबश बाहेर जाईपर्यंत जो रायनचं नाव काढेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. दादा, आलं आणून ठेवलंय.